पहिला प्रश्न कसा विचारायचा: कौटुंबिक आणि लैंगिक हिंसेच्या केस हाताळणाऱ्यांसाठी तालुक्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण

घरात मार खाणारी किंवा बलात्कार झालेली बाई मदत मागायला निघते तेव्हा ती तज्ज्ञाकडे जात नाही. ती पोहोचते ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी, कॅज्युअल्टीतल्या सिस्टरकडे, गावातल्या आशाताईकडे किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या दाराबाहेरच्या बाकावर. तिथे तिला कोण भेटतं आणि पहिल्या पाच मिनिटांत काय बोलतं, यावर पुढची केस उभी राहते किंवा तिथेच विरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बहुतेकींनी तर कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. म्हणजे टेबलापाशी जी येते, ती फार काही ओलांडून आलेली असते. तिला परत पाठवणं सोपं असतं, तिला पुन्हा यायला लावणं जवळपास अशक्य.

हा लेख संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटरचे (हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच छताखाली मदत देणाऱ्या सरकारी केंद्राचे) कर्मचारी, महिला व बालकांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षातले समाजकार्यकर्ते आणि संस्थांमधले प्रशिक्षक यांच्यासाठी आहे. आपल्या तालुक्यातले पोलीस, नर्स, समुपदेशक, आशा यांना एकत्र बसवून प्रशिक्षण घ्यायचं असेल तर ते कसं उभं करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. एक आग्रह आधीच सांगते. कायद्याची कलमं दोन तास वाचून दाखवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. कलमं पाठ असलेला माणूसही ‘मग ओरडली का नाहीस?’ असं विचारतो. बदलायची आहे ती रोजची सवय: खुर्ची कुठे ठेवतो, कोणासमोर विचारतो, कोणत्या शब्दांत विचारतो, कागदावर काय लिहितो.

आधी तिच्या वाटेने चालून बघा

प्रशिक्षणाच्या दोन-तीन आठवडे आधी आयोजकांनी ही वाट स्वतः चालावी. ग्रामीण रुग्णालयाच्या गेटपासून सुरू करा. केस पेपर कुठे काढतात? खिडकीतून ‘काय झालंय?’ असं विचारलं जातं का, आणि मागची रांग ते ऐकते का? तिथून कॅज्युअल्टी, मग लेडी डॉक्टर, मग पोलीस चौकी, मग ठाणं. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट वहीत लिहायची: इथे तिला घडलेलं पुन्हा सांगावं लागेल का, आणि ते कोण कोण ऐकेल?

ही यादी झाली की तुमच्या प्रशिक्षणाचा अर्धा अभ्यासक्रम हातात आला. सांगण्याच्या जागांपैकी काही कायद्यानेच येतात, जसं पोलिसांसमोरचा जबाब आणि दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. बाकीच्या निव्वळ सवयीने पडलेल्या असतात: वॉर्डबॉय विचारतो, गार्ड विचारतो, ज्यांचा केसशी संबंध नाही ते कॉन्स्टेबल येऊन ऐकतात. ही गळती थांबवायला नवा निधी लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही.

कोणाला बोलवायचं

पंचवीस-तीस जणांपेक्षा जास्त नकोत. सगळे एकाच तालुक्यातले हवेत, म्हणजे उद्या खरी केस आली की एकमेकांना फोन करू शकतील. ठाणे अंमलदाराचं काम करणारे हवालदार, रात्रपाळीच्या सिस्टर, वैद्यकीय अधिकारी, संरक्षण अधिकारी, सखी केंद्राचे कर्मचारी, तालुका विधी सेवा समितीचे वकील, दोन-तीन आशा आणि अंगणवाडी सेविका. साहेबांनी उद्घाटन करून निघून जाऊ नये. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी किमान पहिली सकाळ बसावं, कारण त्यांनी ऐकलेलं नसेल तर खालच्या माणसाने घातलेली नवी पद्धत आठवड्यात मोडते.

खोलीत बसलेल्यांपैकी काहींनी स्वतः हिंसा सोसलेली असते, हे धरूनच चाला. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा अनुभवल्याचं नोंदलं गेलं. तुमच्या सिस्टर, तुमच्या महिला पोलीस या आकड्याच्या बाहेर नाहीत. म्हणून सुरुवातीलाच सांगा: कुणीही कधीही उठून बाहेर जाऊ शकतं, कारण विचारलं जाणार नाही, आणि बाहेर एक समुपदेशक बसलेली असेल. ती खरंच बसलेली असली पाहिजे.

ज्या बाईवर अत्याचार झाला तिला ‘अनुभवकथन’ करायला बोलावू नका. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, टाळ्या पडतात, आणि तिची रात्र परत तीच होते. उदाहरणं रचलेली वापरा. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गावाचं नाव काढलं पण बाकी तपशील तसाच ठेवला, तर तालुक्यात ओळख लपत नाही.

पहिली सकाळ: भीतीत शरीर काय करतं

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

सुरुवात एका छोट्या सरावाने करा. प्रत्येकाने गाडी घसरता घसरता वाचली किंवा अंगावर कुत्रं धावून आलं असा एखादा किरकोळ प्रसंग आठवायचा. मोठा अपघात किंवा मृत्यू नको. शेजारच्याने त्याला विचारायचं: तारीख काय होती? किती वाजले होते? समोरच्या गाडीचा नंबर? तू आधी ब्रेक दाबलास की आधी हँडल वळवलंस? बहुतेकांना हॉर्नचा आवाज आठवतो, टायरचा वास आठवतो, हातापायांची थरथर आठवते. वेळ आणि क्रम सांगताना अडखळायला होतं. मग विचारा: तुम्ही खोटं बोलत होता का?

आता त्यामागचं शास्त्र सांगा, साध्या शब्दांत. जिवावरचं संकट आलं की मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, सूत्रं हातात घेतो. विचार करून निर्णय घेणारा पुढचा भाग मागे पडतो, आणि घटनांना वेळ-काळाच्या क्रमाने लावणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम विस्कटतं. त्यामुळे काही तुकडे अतिशय ठसठशीत उमटतात, जसं शर्टाचं बटण, दारूचा वास, पंख्याची कुरकुर. बाकीचा भाग तुटक राहतो. पळणं आणि लढणं यांखेरीज शरीराचा तिसरा मार्गही असतो: गोठून जाणं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कार पीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी असं लक्षणीय गोठलेपण सांगितलं होतं.

हे ऐकून एखादा हवालदार हमखास म्हणतो, ‘हे परदेशातलं झालं.’ तेव्हा आपल्याच मातीतला मथुरा खटला समोर ठेवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीसच होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटीची मुकाट शरणागती म्हणजे संमती नव्हे असं म्हणून शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यातलं मोठं कारण होतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, हा समज मात्र अजून आपल्या ठाण्यांत आणि दवाखान्यांत जिवंत आहे. आज संमतीची व्याख्या स्पष्ट सांगते: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येत नाही.

आघाताची आणखी काही रूपं इथेच सांगा, कारण ती पाहून लोक चुकीचे निष्कर्ष काढतात. ती हसते. ती सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगते. ती चिडते, उर्मट वाटते. आज सांगितलेल्यात दोन दिवसांनी भर घालते. तक्रार देते, मग मागे घ्यायला येते. यांतलं काहीही खोटेपणाचा पुरावा नाही. आणि ढसाढसा रडणं हा खरेपणाचा पुरावा नाही.

प्रश्नांचा सराव

पहिली दुपार आणि दुसरी सकाळ, दोन्ही यालाच द्या. तिघांचा गट करा: एक विचारणारा, एक उत्तर देणारा, एक नुसता बघणारा. उत्तर देणाऱ्याला रचलेल्या केसची चिठ्ठी द्या. मारहाणीची केस घ्या; लैंगिक अत्याचाराचं नाट्य करू नका, ते सरावालाही जड जातं. बघणाऱ्याने वहीत फक्त विचारलेले प्रश्न जसेच्या तसे टिपायचे. नंतर ते मोठ्याने वाचून दाखवायचे. आपण काय विचारलं हे स्वतःच्या कानाने ऐकलं की मला वेगळं काही समजवावं लागत नाही.

मग त्याच प्रश्नांना नवा आकार द्यायचा.

‘इतके दिवस का थांबलीस?’ याऐवजी ‘आज यायचं कसं ठरवलंत?’ पहिल्या प्रश्नाने ती स्वतःचा बचाव करायला लागते. दुसऱ्याने नेमकी माहिती येते: काल त्याने मुलीवर हात उचलला, किंवा गळ्यावर पाय दिला.

‘ओरडली का नाहीस, पळाली का नाहीस?’ याऐवजी ‘त्या वेळी तुमच्या शरीराला काय होत होतं? काय करता येत होतं, काय येत नव्हतं?’ यातून ‘तोंडातून आवाजच निघंना’ असं उत्तर आलं, तर ते जबाबात तसंच लिहायचं.

‘आधीपासून सगळं क्रमाने सांग’ याऐवजी ‘जिथून आठवतं तिथून सांगा, मी मध्ये बोलणार नाही.’ तिचं एकदा पूर्ण सांगून होऊ द्या, मग मागे जाऊन तपशील विचारा.

‘नक्की किती वाजता?’ याऐवजी ‘वेळ लक्षात राहावी असं तेव्हा काही चाललं होतं का?’ ती स्वतःच सांगते की नळाचं पाणी गेलं होतं किंवा रात्रीची मुक्कामी गाडी येऊन लागली होती. ही खूण तिच्याकडून आली पाहिजे. ‘मुक्कामी गाडी आली होती ना?’ असं आपण सुचवलं तर ते तिच्या तोंडी शब्द घालणं झालं, आणि कोर्टात केस तिथेच ढिली पडते.

‘तुम्ही’ म्हणा. बाई मजूर असो, एकोणीस वर्षांची असो, पालावरून आलेली असो. ‘ए बाई’ आणि ‘तू’ यांनी खोलीतली सत्ता कुणाकडे आहे ते पहिल्या वाक्यातच ठरून जातं. ती नुकतीच अशाच सत्तेखालून सुटून आलेली असते.

धीर देतानाही जपून बोलायचं असतं. ‘रडू नका, सगळं ठीक होईल’ हे आपल्या हातात नाही. ‘त्याला शिक्षा होईलच’ हेही नाही. जे खरं आहे तेच बोला: ‘तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. यात तुमची चूक नाही. आता पुढे काय काय होऊ शकतं ते मी सांगते, मग तुम्ही ठरवा.’

बोलता बोलता ती एकदम गप्प झाली, नजर एका जागी थिजली, श्वास उथळ झाला, तर प्रश्न थांबवा. हात धरू नका. न विचारता केलेला स्पर्श तिला पुन्हा त्याच क्षणी नेऊ शकतो. सावकाश सांगा: ‘आपण इथे तालुक्याच्या ठाण्यात आहोत. दार उघडं आहे. पाय जमिनीला टेकवा. समोरच्या भिंतीवर काय काय दिसतंय ते मला सांगा.’ पाणी द्या. ती परत आली की पुढे जायचं का, ते तिला विचारा.

जबाब लिहिण्याचा सराव वेगळा घ्या. तिच्या बोलीतलं वाक्य आपण ‘माझ्या इच्छेविरुद्ध जबरदस्तीने’ अशा ठरीव साच्यात ओततो, आणि पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर ती स्वतःच्या शब्दांत सांगते तेव्हा दोन जबाबांत फरक दिसतो. त्या फरकावर उलटतपासणी उभी राहते. म्हणून शब्द तिचेच ठेवा. जे आठवत नाही तिथे ‘मला आठवत नाही’ असं लिहा, अंदाजाने भरू नका. बाई फक्त कोरकू, पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलत असेल तर दुभाषी आणा. सासरचा कुणी किंवा तिचं मूल दुभाषी म्हणून चालणार नाही.

कायदा इथेच आणा, प्रश्नाला जोडून. लैंगिक गुन्ह्याची खबर बाईने दिली तर ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). हद्द कुणाची हे नंतर बघायचं. बलात्काराच्या केसमध्ये जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा (कलम १७६). तिला ठाण्यात बोलावून चार तास बाकावर बसवणं या तरतुदीशी विसंगत आहे.

जिवाचा धोका आणि ‘समेट’

घरातल्या हिंसेत कागद भरण्याआधी धोका जोखायचा. गेल्या सहा महिन्यांत मारहाण वाढली आहे का? हत्यार काढलं का? गळा दाबला का? गरोदरपणात मारलं का? सतत संशय घेतो का? तो जीव घेईल असं तुम्हाला वाटतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हलक्यात घेऊ नका.

गळा दाबण्यावर अर्धा तास द्या. ‘फक्त गळा धरला’ अशी नोंद होऊन बाई घरी जाते. बाहेर वळ नसतानाही आत सूज येऊ शकते. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके दिसतात का, शुद्ध गेली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का, हे विचारून लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. पुढे खून होण्याच्या शक्यतेची ही मोठी खूण आहे.

आणि समेट. ‘लेकरांकडे बघून नांदायला जा’ हे वाक्य आपण चांगल्या हेतूने बोलतो, हे मला माहीत आहे. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २००६ चे नियम समुपदेशकाला बांधून ठेवतात: चौदाव्या नियमानुसार हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी हा समुपदेशनाचा हेतू आहे, आणि मारणाऱ्याला ‘ती उलट बोलली म्हणून’ असं समर्थन करू द्यायचं नाही. दोघांना समोरासमोर बसवून ‘दोघांची थोडी थोडी चूक’ काढणं नियमातच बसत नाही. तिने परत जायचं ठरवलं तरी तिच्यावर रागावू नका. परत जाताना कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं आणि एक कपड्यांचा जोड कुठे ठेवायचा, कोणत्या शेजारणीला खूण सांगायची, कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळी आपण फोन केला तर चालेल, हे ठरवून पाठवा. तिच्या मोबाइलवर मेसेज टाकू नका. फोन कुणाच्या हातात असतो ते आधी विचारा.

दवाखान्याचा भाग

डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी वेळा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत. तातडीची गर्भनिरोधक गोळी १२० तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत. उपचारासाठी एफआयआर लागत नाही, आणि खासगी रुग्णालयासह कुणालाही मोफत उपचार नाकारता येत नाहीत (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७).

तपासणीतल्या प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती घ्यायची. ‘आता मी पोटावर हात ठेवणार आहे, चालेल?’ ती तपासणी नाकारू शकते, अर्धवट थांबवू शकते, आणि तरीही तिला उपचार मिळाले पाहिजेत. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच अवैध ठरवली; २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरण्याचं बजावलं. ‘सवय असल्याचं दिसतं’ असा शेरा कुठल्याही कागदावर नको. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेव्हापासून हे दिसत आलंय की ओपीडीतल्या सिस्टरला पट्टी बांधतानाच एक प्रश्न विचारायला शिकवलं तर हिंसा ओळखता येते. तो प्रश्न एकटीला गाठून विचारायचा असतो, सोबतच्या नवऱ्यासमोर नव्हे.

मुलांच्या केसबद्दल थोडक्यात, कारण त्यासाठी वेगळा दिवस हवा. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला मला काही जणांना सांगावं लागेल’ असं आधीच सांगा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा आणि अधिकाऱ्याने गणवेशात जायचं नाही.

ऐकणाऱ्यांचं काय

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास यासाठी राखून ठेवा आणि तो कापू नका. रोज हे ऐकणाऱ्याची झोप उडते, चिडचिड होते, किंवा काहीच वाटेनासं होतं. काहीच न वाटणं सर्वांत धोक्याचं, कारण तिथूनच ‘या बायका अशाच’ सुरू होतं. योगाचं सत्र ठेवून हे सुटत नाही. आठवड्यातून एकदा तासभर केसवर बोलायची ठरलेली जागा, अवघड जबाबानंतर लगेच दुसरी तशीच केस न देणं, आणि वरिष्ठांनी ‘तुम्ही कशा आहात?’ असं खरंच विचारणं, यांनी फरक पडतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कर्मचाऱ्यांसाठीही आहे.

नंतरचे तीन महिने

निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागेवरचा एक बदल लिहून द्यायचा, उद्यापासून करता येईल असा. ‘संवेदनशील राहीन’ हे चालणार नाही. ‘केस पेपरच्या खिडकीवर कारण न विचारता थेट सिस्टरकडे पाठवू’ हे चालेल. ‘ठाण्यातली मागची खोली जबाबासाठी, आत दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, दाराला पडदा’ हे चालेल.

प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली एकच कागद: ११२, महिला हेल्पलाइन १८१, चाइल्डलाइन १०९८, तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा आणि सखी केंद्राचा चालू नंबर, विधी सेवा समितीचा नंबर, मनोधैर्य योजनेचा (पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या योजनेचा) अर्ज कुठे मिळतो ते. नंबर महिन्यातून एकदा लावून बघायचे.

महिन्याने अर्धा दिवस पुन्हा भेटा, आणि तिसऱ्या महिन्यात आणखी एकदा. तेव्हा ‘प्रशिक्षण कसं वाटलं?’ विचारू नका. नावं झाकून चार-पाच घरगुती घटना अहवाल (घरातल्या हिंसेची तक्रार नोंदवण्याचा कायद्यातला नमुना) आणि जबाब वाचा. तिचे शब्द टिकले आहेत का? ‘मला आठवत नाही’ कुठे लिहिलंय का, की सगळं संशयास्पद सुबक आहे? धोक्याचे प्रश्न विचारलेत का? तपासाची प्रगती तिला ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९३). ती कळवली का? मग गेटपासून परत ती वाट चाला, आणि पहिल्या वहीशेजारी नवी वही ठेवून सांगण्याच्या जागा किती कमी झाल्या ते मोजा. जिथे कमी झाल्या नाहीत, तिथल्या माणसाला पुढच्या तुकडीत पहिल्यांदा बोलवा.